ब्रिजसाठी चावा कुठे घ्यायचा?

दोन दाढांचा ब्रिज (गेलेल्या दातांच्या जागी शेजारच्या दातांवर बसवलेले पक्के दात) पेशंटच्या नेहमीच्या चाव्यावर, म्हणजे वरचे-खालचे दात एरवी जिथे मिळतात तिथे, करू की सेंट्रिक रिलेशनवर, म्हणजे सांध्याने ठरणाऱ्या खालच्या जबड्याच्या जागेवर, असं एका नव्या डेंटिस्ट मैत्रिणीने विचारलं.

नेहमीच्या चाव्यात दात एकमेकांत घट्ट बसतात. वेळ जवळपास लागत नाही, वरच्या-खालच्या दातांची प्लास्टरची मॉडेल हातानेच जुळतात. पण सगळी भिस्त दातांवर. दाढा गेल्या की खूणच हरवते.

सेंट्रिक रिलेशन जबड्याच्या सांध्यावर ठरतं, दात असोत-नसोत. म्हणून तीच जागा पुन्हा सापडते. मेहनत मात्र भरपूर: स्नायू सैल होईपर्यंत थांबायचं, हनुवटी हलकेच धरून जबडा फिरवायचा, मागे रेटायचा अजिबात नाही. बऱ्याच जणांत या दोन जागांत थोडा फरक असतोच. तो आजार नव्हे, तो घालवायला उगाच दात कोरून कमी करत बसू नका.

बाकीच्या दातांचा चावा पक्का असेल तर छोट्या ब्रिजला नेहमीचाच घ्या. पूर्ण कवळीला किंवा सगळे दात नव्याने उभारताना सेंट्रिक रिलेशनच.