बिलात प्लेट, पायात पिन

बिलावर लिहिलं होतं: टायटॅनियम लॉकिंग प्लेट आणि सहा स्क्रू. आमच्या पाच वर्षांच्या छोट्या कुत्रीच्या मोडलेल्या पुढच्या पायात होती फक्त एक पिन, म्हणजे हाडाच्या आत घातलेली सळई. पाय वाकडा पडायला लागला, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा हे उघड झालं.

ऑपरेशननंतर एक्स-रे मागितला होता. फोनवर फोटो आला, त्यात प्लेट आणि स्क्रू स्पष्ट दिसत होते. पण कडा कापलेल्या, नाव-तारीख नाहीच. दुसऱ्या डॉक्टरांनी मनगटाजवळच्या हाडातली एक काळी रेघ दाखवली. हाड वाढत असताना तिथे कूर्चा असते, ती साधारण वर्षभरात भरून येते. पाच वर्षांच्या कुत्रीत ती रेघ दिसणं शक्यच नाही. फोटो कुठल्यातरी पिल्लाचा होता!

पैसे गेले त्यापेक्षा तिला जे सोसावं लागलं त्याचा संताप जास्त आहे. छोट्या जातींत पुढच्या पायाचं रेडियस हाड काडीसारखं बारीक, त्याला रक्तपुरवठाही कमी. पिन हाडाला वाकू देत नाही, पण तुकडे गोल फिरायचे थांबवत नाही. शिवाय रेडियसमध्ये पिन घालताना मनगटाचा सांधा दुखावू शकतो, म्हणून तिथे ती टाळतात. मांजराच्या मांडीच्या हाडात मात्र पिन, तारेची किंवा प्लेटची जोड देऊन, योग्य ठरू शकते. तेव्हा पिन दिसली म्हणून लगेच डॉक्टरांवर संशय घेऊ नका.

ऑपरेशनच्याच दिवशीचे समोरून आणि बाजूने असे दोन्ही एक्स-रे मागा. त्यावर नाव, तारीख, डावा-उजवा हे हवंच. स्क्रीनचा फोटो नको, मूळ डिजिटल फाइल घ्या. स्क्रू मोजा आणि बिलाशी ताडून बघा. धातू स्टील की टायटॅनियम, हे नुसत्या एक्स-रेवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी इम्प्लांटच्या पाकिटावरचं लेबल किंवा खरेदीची पावती दाखवायला सांगा.

जाब विचारल्यावर उत्तर मिळालं, "फोटो चुकून गेला असेल." बिलाबद्दल मात्र एक शब्द नाही. दोन्ही एक्स-रे आणि बिल जोडून आम्ही पशुवैद्यकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे तक्रार दिली आहे. पिन काढून आता खरोखरची प्लेट बसवली आहे, आणि ताज्या एक्स-रेत हाड जुळताना दिसतंय.