‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’: सात महिने लेकीबरोबर पाहिल्यावर

जूनमध्ये लेकीची शाळा सुरू झाली आणि संध्याकाळची रडारडही. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. घोडबंदर रोडच्या गर्दीतून मी घरी पोचेपर्यंत साडेसात व्हायचे आणि तोवर तिने आजीला एकदा तरी मारलेलं असायचं. एका मैत्रिणीने हा कार्यक्रम सुचवला.

‘पीबीएस किड्स’ या मुलांच्या वाहिनीवर २०१२ साली सुरू झालेलं हे अमेरिकन कार्टून. फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांसाठीच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमातल्या बाहुलीवरून यातलं लाल स्वेटरवालं वाघाचं पिल्लू आलं. एका भागात अकरा-अकरा मिनिटांच्या दोन गोष्टी असतात, आणि दोन्हींत मिळून एकच युक्ती, गाण्याच्या छोट्या ओळीतून पुन्हा पुन्हा येणारी. राग आला की खोल श्वास घ्यायचा आणि चारपर्यंत मोजायचं, हे त्यातलंच.

पहिला महिना वाया गेला, आणि त्यात चूक माझीच होती. टीव्ही लावून मी पोळ्या लाटायला जायचे. गाणी तिला पाठ झाली, हात उगारणं तसंच राहिलं. मग टेक्सास टेक विद्यापीठाचा २०१६ सालचा अभ्यास वाचनात आला. दोन ते सहा वर्षांच्या १२७ मुलांपैकी ज्यांच्या घरी टीव्हीवर पाहिलेल्या गोष्टींबद्दल नेहमी बोलणं होत होतं, त्यांनाच या कार्यक्रमाचा फायदा दिसला होता. त्या दिवसापासून पोळ्या नंतर, आधी तिच्या शेजारी बसणं.

शेजारी बसल्यावर लक्षात आलं की पोर ‘फ्रस्ट्रेटेड’ म्हणते, पण तिला रडू येतं ते मराठीत. म्हणून आम्ही शब्द शोधायला लागलो. बटण लागत नाही तेव्हाची चिडचिड, मामेभावाला नवी सायकल मिळाली तेव्हाचा हेवा, बेत फसल्यावर खट्टू होणं. एका रविवारी तलावपाळीला गेलो तर बोटिंग बंद होतं. ‘आई, मी खट्टू झाले,’ म्हणाली आणि माझा हात धरून उभी राहिली. लोळण नाही, आरडाओरडा नाही. मला भरून आलं.

पहिल्याच गोष्टीत वाढदिवसाचा केक चेंगरतो आणि वाईटातून काहीतरी चांगलं शोधायची युक्ती येते. ती जपून वापरा. आम्ही मोठी माणसं तिची फार घाई करतो. लेकीला आधी थोडं रडू दिलं तरच ती ऐकते.

एका ठिकाणी मात्र कार्यक्रम मला तोकडा पडला: रुसवा. दिवाळीत ती रुसून पलंगामागे बसली. मी श्वास घे, चार मोज म्हणत राहिले, तर आणखीच आत सरकली. माझी आई म्हणाली, ‘अगं, राग नाहीये तो. रुसलंय पोर. तिला मोजायला काय सांगतेस, जाऊन बस तिच्याजवळ.’ राग शांत होण्याची वाट बघतो, रुसवा कुणीतरी येण्याची. मी पलंगामागे जाऊन बसले. पाच मिनिटांनी तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मी हा कार्यक्रम मनापासून सुचवेन. ऑटोप्ले बंद ठेवा, एका संध्याकाळी एकच भाग लावा, आणि घरात आजी असेल तर तिलाही शेजारी बसवा. आमच्याकडे आता भाग संपल्यावर आई विचारते, ‘आज वाघोबाला काय झालं होतं गं?’ आणि लेक तिला सगळं सांगते, मराठीत.