राजारामपुरीतला रेटिनाचा दवाखाना : डायबेटीसवाल्यांनी तक्रार नसतानाच जावं

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कोल्हापुरी साज घडवायचं माझं काम. एकवीस पानांच्या साजात मासा, कासव, भुंगा अशी एकेक पानडी डोळ्याजवळ धरून कोरावी लागते. नजर गेली की धंदा गेला. शुगर जुनी आहे, पण डोळ्यांचा काहीच त्रास नव्हता. शुगरच्या डॉक्टरांनी 'पडदा (डोळ्याच्या आतला रेटिना) तपासून घ्या' म्हणून चिठ्ठी दिली, तेवढ्यावर गेलो.

आधी तक्ता वाचायला लावला. सगळ्यात खालची ओळसुद्धा धडाधड वाचली. मग बाहुली मोठी व्हायचे ड्रॉप घातले. चुरचुरतं थोडं, आणि बसून राहावं लागतं.

या दवाखान्याला मी पैकीच्या पैकी देतो ते पुढच्या भागासाठी. डॉक्टर मॅडमनी माझ्या पडद्याचा फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला आणि खुर्ची जवळ ओढायला सांगितली. केशरी रंगाचा गोल, एका बाजूला फिकट पिवळी चकती, तिथून फुटलेल्या लाल शिरा. त्या शिरांच्या मधेमधे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. मला वाटलं, फोटोवरच काहीतरी पडलंय.

"काका, रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात. तिथं भिंत फुगते, तो हा ठिपका. पुढं तीच भिंत पाझरते. हे पिवळे डाग बघा, पाझरलेली चरबी सुकून बसलीय." पाझरलेलं पाणी पडद्याच्या मधोमध साचलं तर अक्षरं वेडीवाकडी दिसायला लागतात. काही वाहिन्या बंद पडल्या तर उपाशी पडदा नव्या वाहिन्या मागवतो, त्या इतक्या नाजूक असतात की डोळ्यात रक्तस्राव होतो.

मी विचारलं, मग मला सगळं स्वच्छ कसं दिसतंय? तर म्हणाल्या, पाणी मधोमध पोचेपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत बहुतेकदा ना दुखत, ना नजर कमी होत. वर हेही सांगितलं की पडदा म्हणजे मेंदूचाच पुढं आलेला भाग. साखरेचा मार त्यातल्या नसांच्या पेशींवर थेटही बसतो, कधीकधी ठिपके दिसायच्या आधीच. आणि मेलेली पेशी परत येत नाही. लेसर, इंजेक्शन आहेत, पण ती बहुतेक आहे ते राखायला. हे ऐकल्यावर मी पेढ्याचा बॉक्स दुकानातून घरी पाठवलाय.

ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, केलं, मधे सूज नाही. शुगर आणि बीपी आवरायचं, सहा महिन्यांनी परत या, एवढंच. गरज नसताना इंजेक्शन गळ्यात मारलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

दोन तक्रारी आहेत. ओसीटीचे पैसे वेगळे लागतात हे काउंटरवर आधी सांगत नाहीत. आणि फोनवर नंबर लावताना 'गाडी आणू नका' असं कुणी म्हणालं नाही. बाहेर उन्हात आलो तर डोळे उघडवेनात, जवळचं तर काहीच दिसेना. पोराला बोलावून गाडी न्यायला लावली. त्या दिवशी हातात काम धरता आलं नाही.

म्हणून शक्यतो संध्याकाळची वेळ घ्या, सोबत कुणीतरी न्या आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट पिशवीत टाका. मॅडम पहिल्यांदा तोच मागतात.