महाद्वाराजवळचं तुळशीमाळेचं दुकान, ४ स्टार (दोऱ्याचा १ कापला)

पंढरपूरला गेलो होतो अण्णांना घेऊन, आणि सकाळी लॉजवरच त्यांची माळ तुटली. आता माळकऱ्याच्या घरात राहणाऱ्याला माहितीये, गळ्यात माळ नाही म्हणजे पाणीसुद्धा नाही, चहा तर लांबच. मणी रुमालात बांधून महाद्वाराकडे निघालो, जे पहिलं दुकान उघडं दिसलं तिथे शिरलो.

मालक काशीकापडी समाजाचे, पंढरपुरात माळा करायचा धंदा पिढ्यान् पिढ्या याच लोकांचा. मी म्हटलं नवीनच द्या ना, तर अण्णा चिडले, "हेच मणी पाहिजेत." ओवता ओवता दोन मणी खाली घरंगळले तर तो माणूस मोबाईलचा टॉर्च लावून फळीखाली पालथा पडून शोधत बसला, गिऱ्हाईकं ताटकळत उभी, पण त्याला घाई नाही. शेवटी दोन्ही सापडले. घेतले किती, तर २० रुपये!! आणि अण्णांना "घ्या माउली" म्हणून माळ हातात देताना स्वतः पाया पडला.

मग मी पण एक घेतली, १५० ची. बाहेर टांगलेल्या माळांचे मणी एकदम एकसारखे गुळगुळीत होते म्हणून विचारलं, तर म्हणाला ते मशीनचं, लाकूड पण दुसरं. प्रामाणिक आहे, पण मग पाटीवर "अस्सल तुळस" कशाला लिहिता राव? आतल्या माळा मात्र बघा, हलक्या, मणी जरा वाकडेतिकडे. मी गळ्यात घालायला गेलो तर हात धरला, "अशी नाही, कुणा माळकऱ्याच्या हातून घाला, तोवर हे लाकूडच."

पदस्पर्शाची रांग लांबलचक होती म्हणून नामदेव पायरीला लावून आणली. गंमत बघा, संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी तिथे जागा मागितली असं सांगतात, आणि आज त्या पायरीवर कुणी पाय ठेवत नाही, सगळे डोकंच टेकवतात. समोर चोखोबांची समाधी, तिथे पण डोकं टेकवलं. ज्यांना देवळात घेतलं नाही त्यांची समाधी दारातच. साने गुरुजींना १९४७ ला उपोषण करावं लागलं तेव्हा कुठे हे दार सगळ्यांना उघडलं.

बाकी यूपीआय चालतं. दोरा मात्र बंडल, माझ्या माळेचा महिन्याभरात उसवायला लागला, तोही नुसता खुंटीवर टांगून. गळ्यात अजून घातली नाही कारण मला सुरमई सुटत नाही, आणि अण्णा म्हणतात आधी मासे सोड, मग मी घालतो.