अकरा महिने ग्रंथालय वापरल्यावर: बाई उत्तम, झेरॉक्स महाग

गेल्या महिन्यात ग्रंथालयाचं झेरॉक्स मशीन बंद पडलं आणि मला मनापासून आनंद झाला. का, ते पुढे येईलच.

तालुक्याचं 'अ' वर्गाचं ग्रंथालय. नाव लिहीत नाही, कारण कार्यकारिणीतले दोघे रोज सकाळी माझ्याच बाकावर पेपर वाचतात. अनामत पाचशे, वर्गणी महिना पन्नास. कादंबऱ्या, दिवाळी अंक सगळीकडे असतात तसेच. मी त्यासाठी गेलोच नव्हतो. बँकेतून निवृत्त झालो आणि बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचा नाद लागला. आजोबा त्या अडीच फूट रुंद रुळांवरच्या गाडीवर फायरमन होते, एवढंच माझं भांडवल. ना पीएचडी, ना गाईड. मोठ्या ठिकाणी गेलो की पहिला प्रश्न, "कुठल्या विद्यापीठाकडून आलात?" इथं ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "काका, नेमकं काय शोधताय?"

म्हटलं, रेल्वेवरची पुस्तकं द्या. तर बाई प्रश्नच विचारत सुटल्या. गाडी हवीय, कंपनी हवीय की आजोबा हवेत? कंपनी असेल तर ती लंडनची, तिचे कागद सोलापुरात कशाला सापडतील? मला ती उलटतपासणी वाटली. मला सोलापूर जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, हवं होतं, बस. बाईंनी मुकाट्यानं काढून दिलं. तीन दिवस पानं उलटली, दीडशे रुपयांची झेरॉक्स काढली. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "हे गॅझेटियर १८८४ चं आहे. तुमची गाडी १८९७ ची." मग आधी का नाही सांगितलं? "सांगितलं होतं. तुम्ही चष्मा शोधत होतात."

आता त्या दीडशे रुपयांबद्दल. झेरॉक्सचा दर पानाला पाच रुपये. गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे, तिथं दीड रुपया. पण जुन्या वर्तमानपत्रांचे अंक बाहेर न्यायचे नाहीत, मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत, म्हणजे पाच रुपये देण्यावाचून गत्यंतर नाही. मी हिशेब ठेवलाय. दहा महिन्यांत १,३४० रुपये. पावत्या टाचणी लावून ठेवल्यात. सूचना वहीत तीनदा लिहिलं. एकदा लाल शाईनं.

बाकी बाईंच्या कामाला मात्र तोड नाही. मी 'कुर्डुवाडी' शोधून थकलो होतो. त्यांनी एका जुन्या वेळापत्रकावर बोट ठेवलं: स्टेशनाचं नाव तेव्हा 'बार्शी रोड'. त्या एका नावानं अडलेली गाडी सुटली. पुस्तकंही एका कपाटात नव्हतीच. विषयाच्या वर्गीकरण क्रमांकाप्रमाणे रेल्वे वाहतूक ३८५ ला, रूळबांधणी ६२५ ला, जिल्ह्याचा इतिहास ९५४ ला. तीन कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली शिपायाच्या घरी. पंढरपूरला गाडी १९०६ साली पोचली, तर त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचे आषाढी-कार्तिकीच्या आसपासचेच अंक काढू, ही युक्तीही बाईंचीच. मी वर्षाचे सगळे गठ्ठे मागवायला निघालो होतो. ज्या मोठ्या ठिकाणी मला विद्यापीठ विचारलं होतं, तिथं बाईंनी ग्रंथालयाच्या लेटरहेडवर शिफारसपत्र दिलं. त्याच खिडकीवर त्याच माणसानं मला खुर्ची दिली.

आणि मग ते मशीन बंद पडलं. मेकॅनिक येईना. माझे, गाडी लातूरला पोचली त्या १९११ सालचे अंक उघडून ठेवलेले. बाईंनी कार्यकारिणीला अर्ज लिहायला लावला आणि फ्लॅश न लावता फोटो काढायची परवानगी मिळाली. फुकट! पहिल्याच दिवशी दोनशे फोटो काढले. तेव्हा बाईंनी एका बांधीव खंडाचा कणा दाखवला. मशीनच्या काचेवर उपडा दाबून दाबून तो तडकलाय. फोटोनं तसं होत नाही, हे त्या कमिटीला कधीपासून सांगत होत्या म्हणे. म्हणजे मी पाच-पाच रुपये मोजून अंक मोडत होतो. कागदाचे तुकडे टेबलावर पडायचे, ते मी फुंकर मारून उडवायचो.

तेव्हा लाल शाईतली तक्रार मागे घेतली. अर्धीच. बाई अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून पगाराची वाट बघतात, त्यांच्यावर चिडून काय उपयोग? दर ठरवणारे वेगळे. ते माझ्या बाकावर असतात.

ताजी भर: मशीन दुरुस्त झालं. कुठल्या अंकात काय सापडलं, त्याची चौदा पानी यादी करून मी ग्रंथालयात ठेवायला दिली होती. काल लातूरहून एक मुलगा आला, त्यालाही हाच नाद. बाईंनी माझी यादी काढून दिली आणि चौदा पानांची सत्तर रुपयांची पावती फाडायला घेतली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, बाळा, घरी ये, मूळ प्रत माझ्याकडे आहे. गल्लीच्या तोंडाशी दीड रुपयात होते.