विनिमय दर बांधलेला बरा की तरता? विकसनशील देशांसाठी माझा कौल

बांधलेला दर म्हणजे सरकार आपल्या चलनाची डॉलरसारख्या परकी चलनातली किंमत ठरवून तीच राखतं; तरता दर म्हणजे ती किंमत बाजार ठरवतो. मी बरीच वर्षं निर्यातीच्या कामात आहे आणि दोन्ही प्रकारच्या देशांतल्या ग्राहकांशी व्यवहार केला आहे. माझं मत तिथूनच आलंय. मोजमापाचा दावा नाही.

बांधलेल्या दराची बाजू कमकुवत नाही. अर्जेंटिनानं 1991 साली एक पेसो बरोबर एक डॉलर असा कायदाच केला आणि भडकलेली महागाई खरोखर आटोक्यात आली. चीननं 2005 पर्यंत बरीच वर्षं डॉलरमागे साधारण 8.28 युआन हा दर धरून ठेवला आणि त्याच काळात त्याची निर्यात फोफावली. पण चीनचं चलन स्वस्त होतं, गंगाजळी (म्हणजे परकी चलनाचा साठा) वाढत होती. बहुतेक देशांत नेमकं उलटं होतं. महागाई वाढत जाते, दर मात्र जागचा हलत नाही, आणि चलन कागदोपत्री महाग होऊन बसतं.

माझा कौल फिरवणारा त्रास इथंच सुरू होतो. ग्राहकानं माल विकलेला असतो, पैसे त्याच्या बँकेत जमा असतात, पण बँकेकडे द्यायला डॉलर नसतात. सरकारी दर जाहीर असतो, त्या दरानं चलन मिळत नाही. आमचं बिल महिनोन् महिने अडकतं. आम्ही पुढचा माल रोखतो, आणि सुट्या भागांअभावी त्याची यंत्रं थांबतात. ज्याच्या ओळखी आहेत त्याला सरकारी दरानं डॉलर मिळतात. ते काळ्या बाजारात विकले की कारखाना चालवण्यापेक्षा जास्त सुटतात. अशा ठिकाणी उत्पादनात पैसा कोण घालेल? नायजेरियात जून 2023 पर्यंत असे एकाहून अधिक दर चालू होते.

तरत्या दराचाही जाच आहे. चलन घसरलं की इंधन महागतं, डॉलरमधलं कर्ज फुगतं. चलन पडलं की निर्यात लगेच उसळते असंही नाही, कारण बराचसा व्यापार मुळात डॉलरमध्येच ठरतो. तरी माझ्या अनुभवात तरत्या दराच्या देशांतले ग्राहक भावावर घासाघीस करतात, क्वचित ऑर्डर कमी करतात, पण पैसे देतात. धक्काही हप्त्याहप्त्यानं बसतो. बांधलेला दर सुटला की तो एकदम बसतो: श्रीलंकेत मार्च 2022 पर्यंत डॉलरमागे 200 च्या आसपास रोखलेला रुपया काही आठवड्यांतच 350 च्या पलीकडे गेला.

अगदी छोट्या, एकाच मोठ्या शेजाऱ्याशी व्यापार असलेल्या देशाला बांधलेला दर कदाचित सोयीचा पडेल. बाकीच्यांनी, माझ्या मते, दर बाजारावर सोडावा आणि मध्यवर्ती बँकेनं फक्त मोठे हेलकावे आवरावेत. भारत 1993 पासून साधारण असंच करत आला आहे. बांधलेला दर सोडायचा तर गंगाजळी भरलेली असतानाच सोडावा. थायलंडनं 2 जुलै 1997 रोजी बाथ या आपल्या चलनाचा बांधलेला दर सोडला तेव्हा हाताशी फारसे डॉलर उरलेच नव्हते.