मेफ्लॉवर जहाजाचं लाकडी किट: जहाज भारी, सोबतचं पुस्तक रद्दीत

घ्यायचं की नको एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, घ्या. (मेफ्लॉवर म्हणजे १६२० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्या लोकांचं जहाज.) साडेचार हजारात इतकं साफ लेझर कटिंग असलेलं शिडाच्या जहाजाचं किट मी तरी दुसरं पाहिलं नाहीये. फक्त आत जे गुळगुळीत कागदाचं माहितीपुस्तक येतं त्यातली जोडणीची पानं फाडून घ्या आणि बाकीचं रद्दीत टाका, का ते पुढे येतंच.

आमच्या अलिबागच्या पिनकोडला डिलिव्हरी नाही असं दाखवत होतं म्हणून पनवेलच्या मावशीच्या पत्त्यावर मागवलं आणि एसटीने आणलं. बॉक्स एका कोपऱ्यात चेपलेला पण आतलं सगळं शाबूत. स्केल एकास शंभर, म्हणजे खरं जहाज साधारण शंभर फुटी धरलं तर आपलं फूटभर होतं. मधला कणा, त्याला आडवे साचे, आणि त्यावर बाहेरून एकेक बारीक पट्टी वाकवून चिकटवत जायचं. पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वाकवा असं लिहिलंय ते बरोबर आहे, पण पुढच्या गोल भागाला घाई केली की कडकन तुटतात, आणि कंपनीने जास्तीच्या पट्ट्या अगदीच मोजून दिल्यात.

आता कोकणातल्या लोकांसाठी महत्त्वाचं, जे किटवर कुठेच लिहिलेलं नाही. हे पावसाळ्यात करू नका. मी नेमकं मासेमारीबंदीच्या दिवसांत केलं कारण तेव्हा शेजारचे काका मोकळे असतात (ते होड्यांच्या दुरुस्तीची कामं करतात, आयुष्य त्यातच गेलंय), पण जून-जुलैच्या दमटपणात प्लायचे साचे फुगतात, खाचेत बसत नाहीत, पांढरा गोंद दोन-दोन दिवस ओलाच राहतो आणि शिडाच्या कापडावर काळे ठिपके येतात ते वेगळंच. साचे तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवले तेव्हा कुठे बसले. दोऱ्या सुती आहेत, त्यांना आधी मेण चोळून घ्या.

जहाज म्हणून मात्र किट खरंच विचार करून बनवलंय. एक गोष्ट लक्षात घ्या, मूळ मेफ्लॉवरचा नकाशा, आराखडा, चित्र काहीच शिल्लक नाही, ब्रॅडफर्ड नावाचा प्रवाशांतलाच माणूस जो पुढे त्यांच्या वसाहतीचा गव्हर्नर झाला त्याने लिहून ठेवलेलं १८० टनांचं माप आणि त्या काळच्या इतर व्यापारी जहाजांचे अंदाज यावरच सगळं उभं आहे. इंग्लंडमध्ये ब्रिक्सहॅमला त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधली आणि १९५७ मध्ये शिडांवर चालवत अमेरिकेला नेली तीसुद्धा अशीच अभ्यास करून काढलेली. त्यामुळे बॉक्सवर जे 'शंभर टक्के अस्सल' छापलंय ते सोडून द्या.

काकांनी अर्धवट सांगाडा हातात घेऊन फिरवला आणि मागची उंच माडीसारखी बाजू बघून म्हणाले, "बाय, यी होरी उलट्या वाऱ्याला जानार नाय." आणि अगदी तसंच झालं होतं! इंग्लंडमधल्या प्लिमथहून ६ सप्टेंबर १६२० ला निघालेल्या या जहाजाला पश्चिमेचा वारा तोंडावर घेत पलीकडची जमीन दिसायला ९ नोव्हेंबर उजाडला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तेच जहाज पाठीवर वारा घेऊन महिनाभरात परत इंग्लंडला पोचलं. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं आहेत, ती मागून वारा आला तरच खरी कामाची, आणि सगळ्यात मागच्या छोट्या काठीवर तिरकं तिकोनी शीड आहे. ते बघून काकांचा चेहरा खुलला कारण आपल्या जुन्या मचव्यांचं शीड साधारण त्याच जातीचं. हे मागचं शीड किटमध्ये फार सुंदर दिलंय, त्याची लांब तिरकी काठी दोन तुकडे जोडून बांधायची, खऱ्यात बांधतात तशी. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

पुस्तकात स्पीडवेलला एक ओळ दिलीये, जी मला अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची वाटते. जहाजं दोन होती. हॉलंडमधल्या लायडनहून निघालेली मंडळी छोट्या स्पीडवेलमधून येऊन साउदॅम्प्टनला मेफ्लॉवरला मिळाली, ऑगस्टच्या सुरुवातीला दोन्ही निघाली, आणि स्पीडवेल गळायला लागलं. डार्टमथला थांबून दुरुस्ती, परत निघाले, परत गळती, परत मागे प्लिमथला. शेवटी ते जहाज सोडून दिलं, काही लोक घरी परतले आणि उरलेले मेफ्लॉवरमध्ये कोंबले. या घोळात चांगल्या हवेचा महिना गेला, बरोबरचं धान्य बंदरातच संपायला लागलं, आणि म्हणून ही माणसं ऐन थंडीच्या तोंडावर पोचली. स्पीडवेलला डोलकाठ्या झेपतील त्यापेक्षा मोठ्या बसवल्या होत्या, त्यावर जोर आला की फळ्यांच्या फटी उघडायच्या. ब्रॅडफर्डला तर संशय होता की खलाशांनीच कामातून सुटायला हे केलं. काकांना हे सांगितलं तर ते हसले नुसते, म्हणाले गळतीचं खरं कारन मालकाला कवाच कलत नाय.

किटची मोठी खोड आता. एवढी बारीक तोफांची झाकणं दिलीत, कंदील दिलाय, नांगर दिलेत, पण जिथे माणसं राहिली तो मजलाच नाहीये! वरच्या डेकच्या खाली आणि मालाच्या कोठाराच्या वर जो मधला मजला होता तिथे १०२ प्रवासी होते, उंची पाच-साडेपाच फूट, म्हणजे उंच माणसाने वाकूनच चालायचं, आणि त्यातली बरीच जागा तुकडे करून ठेवलेल्या एका मोठ्या होडीने अडवलेली. किटमध्ये तिथे भरीव साचे आहेत. माझ्या भाच्याने वेड्यासारखं काम केलं, एका बाजूच्या पट्ट्या लावायच्या आधी दोन साच्यांचा मधला भाग करवतीने कापून खिडकी केली आणि काडेपेटीच्या काड्या माणसाच्या उंचीच्या, म्हणजे दीड-पावणेदोन सेंटिमीटरच्या कापून आत आडव्या लावायला घेतल्या, झोपलेली माणसं म्हणून. तेवढ्या भागात थोड्याशाच मावल्या आणि मग पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि त्याला अजून दोन कुत्रे पण बसवायचे होते (होते खरंच, एक मॅस्टिफ आणि एक स्पॅनियल). त्या मजल्यावर वादळात सगळी झाकणं बंद करून दिवसेंदिवस काढले, वाटेत एक बाळ जन्माला आलं त्याचं नाव ओशनस ठेवलं, आणि मधला मोठा वासा तडकला तेव्हा प्रवाशांनी हॉलंडहून आणलेला मोठा लोखंडी स्क्रू लावून तो वर उचलून धरला. पुस्तकात तो स्क्रू छापखान्याचा होता असं ठोकून दिलंय, ब्रॅडफर्डच्या लिखाणात फक्त मोठा लोखंडी स्क्रू आहे, छापखाना नाही. जॉन हाउलंड नावाचा तरणा नोकर वादळात डेकवरून समुद्रात पडला आणि पाण्यात लोंबणारी शिडाची दोरी हाताला लागली म्हणून वाचला, ती दोरी कुठली असेल ते किटमध्ये बघता येतं, मधल्या काठीच्या वरच्या शिडाची, मी तिला मुद्दाम लाल धागा लावलाय.

सोबतच्या चार धातूच्या बाहुल्या मी लावल्या नाहीत. काळे कपडे आणि टोपीला बक्कल, ही सगळी नंतरच्या चित्रकारांची कमाल. त्या लोकांच्या मालमत्तेच्या याद्यांमध्ये लाल, हिरवे, जांभळे कपडे आहेत. शिवाय सगळेच काही धर्मासाठी निघाले नव्हते, राजाच्या चर्चपासून फुटून निघालेले, आधी हॉलंडला जाऊन लायडनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले असे निम्म्याहून कमीच, बाकीचे कामधंद्यासाठी निघालेले, नोकर, कारागीर. सगळ्याला पैसा लंडनच्या व्यापाऱ्यांचा, सात वर्षांच्या करारावर.

स्टँड म्हणून प्लास्टरचा खडक दिलाय, वर १६२० कोरलेलं. हा प्लिमथ रॉक, या लोकांनी अमेरिकेत जिथे वसाहत केली त्या प्लिमथचा (नाव तेच, गाव वेगळं). त्या वेळच्या एकाही लिखाणात या खडकावर उतरल्याचं नाही, सव्वाशे वर्षांनी १७४१ मध्ये एका ९४ वर्षांच्या म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून तो प्रसिद्ध झाला. आणि नांगर पहिल्यांदा टाकला तो प्लिमथला नव्हेच, केप कॉडच्या टोकाला, आजच्या प्रोव्हिन्सटाउनला, ११ नोव्हेंबरला. वसाहतीचा परवाना होता हडसन नदीच्या बाजूचा, पोचले भलतीकडे, मग काही जण म्हणायला लागले की इथे आमच्यावर हुकूम चालवणारं कोणी नाही, म्हणून त्याच दिवशी जहाजावर ४१ पुरुषांनी एकत्र राहून आपलेच कायदे पाळायच्या करारावर सह्या केल्या. त्याची चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखी 'मूळ प्रत' पण बॉक्समध्ये आहे, मूळ कागद आज कुठेच नाहीये. मी खडक बाजूला ठेवून काकांकडून सागाचा तुकडा घेतला, छान दिसतंय.

पुस्तकावर माझा खरा राग शेवटच्या चार पानांसाठी. 'मोकळ्या भूमीवर नवी सुरुवात' असं हेडिंग. मोकळी कसली? प्लिमथच्या जागी मूळ रहिवाशांचं पॅटक्सेट नावाचं गाव होतं, १६१६ ते १६१९ च्या साथीत ते संपलं, शेतं तयारच होती. त्या गावचा टिस्क्वांटम, ज्याला इंग्रजांनी आधीच पकडून स्पेनला विकायला नेलं होतं, तो परत आला तर गावात कोणी नाही, आणि तोच या लोकांना मका लावायला शिकवतो. पुस्तकात तो 'मित्र इंडियन' एवढाच. आणि १६२१ च्या, पहिलं पीक आल्यावरच्या मेजवानीचं पानभर चित्र आहे त्यात डझनभर बायका हसत वाढतायत, खरं म्हणजे पहिल्याच थंडीत निम्मी माणसं गेली, १८ मोठ्या बायकांपैकी मेजवानीपर्यंत ४ राहिल्या, आणि मॅससॉइट या तिथल्या मूळ लोकांच्या प्रमुखाची नव्वदेक माणसं आली होती त्यांनीच जाऊन पाच हरणं मारून आणली. चित्रात ती मागे झाडाखाली उभी आहेत, पाहुण्यांसारखी!

आमच्या इथून जवळच नवगाव आहे, बेने इस्रायली (म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू) लोकांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचं जहाज तिथे फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. ते इथे तेलाचे घाणे चालवून राहिले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. काका मेफ्लॉवरचं ऐकून पहिलं तेच बोलले, "आपल्याकडं पन आलेले की." पण परवाना, व्यापाऱ्यांचा करार, तोफा यातलं काही त्यांच्याकडे नव्हतं, तेव्हा दोन्ही एका माळेत ओवायला मी तयार नाही, आमचा वाद चालू आहे.

सर्व्हिस बरी. सुकाणूची पट्टी आलीच नव्हती, फोटो पाठवला, दहाएक दिवसांत नवी आली, तीही मावशीकडेच.

शेवटचं, काचेची पेटी ऑनलाइन मागवू नका, येईपर्यंत तडा जातो. फिश टँक बनवणाऱ्याकडून करून घ्या, खालची बाजू उघडी ठेवायला सांगा, आणि माप देताना पुढे बाहेर आलेली तिरकी काठी धरून द्या, पुस्तकात दिलेल्या लांबीत ती मोजलेलीच नाही.